तिसरी ओळ

न्यूटन मेला, तेव्हा कोणी काही बोललं नाही. नेपोलियन पॅरिसात शिरला, तेव्हाही नाही. माझा धाकटा भाऊ दौलत तालमीच्या भिंतीकडं तोंड करून उभा होता आणि मी त्याच्या पायाशी बसून केरसुण्यांच्या जुड्या मांडत होते. मंगळवार होता. आमचा बाजार मंगळवारी. गाड्या अजून यायच्या होत्या, भाजीवाल्या पाट्या उतरवून जागेवरनं भांडत होत्या. दोन ओळी लिहून झाल्यावर दौलतनं खडू कानावर ठेवला, मागं सरला, मान तिरपी करून अक्षर बघितलं, आणि परत पुढं होऊन खिशातल्या दुसऱ्या खडूनं तिसरी ओळ लिहायला घेतली.

त्या फळ्यावरच मी वाचायला शिकले. शाळेत घालायला आम्हाला बाप नव्हता आणि आईला वेळ नव्हता; दौलत तेवढा कसाबसा चार यत्ता गेला. तालमीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून त्यावर काळा रंग दिलेला होता आणि वर गेरूनं कायमचं लिहिलेलं होतं, 'आजचा दिनविशेष'. खालचं रोज सकाळी दौलत लिहायचा. हॉटेलात पेपर यायचा, त्यात बघून. कोण जन्मला, कोण मेला, कुठं तह झाला. मी एकेक अक्षर जोडत बसायची. जगात रोज काहीतरी होत होतं. आमच्यातच कधी काही झालं नव्हतं, असं तो फळा सांगायचा.

"एकोनीसशे सत्तावीस," मी वाचलं. "महाड... महाडच्या..."

"वाच की आक्का. अडलीस कामून?"

'१९२७ : महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसे पाणी प्याली.'

माझ्या हातातली जुडी हातातच राहिली.

"दौल्या, पूस ते."

"कामून? शुद्धलेखन चुकलं का?"

"फाजीलपना करू नको. पेपरात हाय का?"

"पेपरात न्हाई. पन झालंय ना? आजच्याच दिवशी झालंय. वीस मार्च."

"झालंय त मनात ठेव. घरी ये, दिवा लाव, चार मानसं बोलव, भाषन कर. हितं कशाला?"

तो हसला. हसला की त्याच्या एका गालाला खळी पडायची, बाईसारखी. "नेपोलियन कोन हाय ठावं हाय का तुला?"

"कुनी का असंना."

"त्यो पॅरिसात शिरला त गावाला चालतंय. आपला मानूस तळ्यात उतरला त चालत न्हाई. असं कसं?"

 मला भीती वाटत होती. मागल्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरनं मराठवाडा पेटला, तेव्हा आमच्या भीमनगरालाही काडी लागली होती. अजून कितीक घरांवर पत्रा चढला नव्हता. आणि फळ्यासमोर, रस्त्याच्या पलीकडं, हापसा होता. दुष्काळात सरकारनं बसवलेला. सरकारच्या हिशेबी सगळ्या गावाचा. पण त्याचा दांडा आम्ही धरायचा नाही. दुसऱ्या कोणी दया येऊन मारून दिला तर खाली घागर धरायची. नाहीतर बसायचं वाट बघत. भर उन्हाची मी तिथं बसलेली आहे, दुधपितं लेकरू कडेवर घेऊन. ते लेकरू पुढं गेलं, नवराही गेला. पण ती दुसरी गोष्ट.

दौलतनं हात झटकले. "जातो. बैलांची शिंगं रंगवायचीत," म्हणाला, आणि हिंगुळाचा डबा घेऊन बैलबाजाराकडं गेला.

ऊन तापायला लागलं तसा बाजार भरला. लोक यायचे, फळ्यापुढं थांबायचे, ओठ हलवत वाचायचे. आमच्यातला कोणी असला की एकदम इकडंतिकडं बघायचा आणि छातीत वारा भरल्यासारखा चालत जायचा. वरच्या जातीतला कोणी असला की परत वाचायचा आणि तालमीच्या दाराकडं बघायचा.

शेवटी दारातनं गोरख बाहेर आला. तालमीचे वस्ताद विश्वासराव, हा त्यांचा भाचा. नुकताच कुस्ती मारून आलेला, अंगाला अजून लाल माती. त्यानं वाचलं. मग आत जाऊन मामाला घेऊन आला.

विश्वासराव पंचावन्नीचे. मान पोळासारखी, आवाज मात्र मऊ. फळ्याची कल्पना त्यांचीच. गावातल्या पोरांना चार गोष्टी कळाव्यात म्हणून. खोटं कशाला बोलू, दौलतच्या अक्षराचं कौतुक पहिल्यांदा त्यांनीच केलं. 'मोती सांडलेत,' म्हणायचे. फक्त मोती सांडणाऱ्यानं तालमीच्या उंबऱ्याबाहेर उभं राहायचं.

त्यांनी दौलतला बोलावून घेतलं. तो आला, बोटांना तांबडा रंग.

"दौलत, हे पेपरातलं आहे का रे?"

"न्हाई वस्ताद. पदरचं हाय."

"पदरचं तुझ्या घरच्या भिंतीवर लिही. इथं पेपरात येईल तेच. पूस."

"फळा तुमचा हाय. तुमी पुसा."

"मी तुला सांगतोय."

"माझ्या हातानं व्हनार न्हाई, वस्ताद."

तो शांतपणे बोलला. नमस्कार करावा तसे हात पुढं बांधून. म्हणूनच गोरखला जास्त लागलं असणार. त्यानं कानाखाली अशी ठेवून दिली की दौलतची टोपी माझ्या केरसुण्यांवर येऊन पडली.

"गोरख," वस्ताद म्हणाले. एवढंच. रागावल्यासारखं नाही, चप्पल काढून ठेव म्हणावं तसं.

गोरखनं खांद्यावरचा पंचा काढून फळ्यावर घासला. न्यूटन पुसला नाही, नेपोलियन पुसला नाही, तिसरी ओळ तेवढी घासली. निघेना. मग एक पोतं हापशाखाली धरून भिजवून आणलं. ज्या हापशाला आम्ही हात लावायचा नाही, त्याच्याच पाण्यानं. ओल्या पोत्यानं दोनचार हात मारले आणि ओळ गेली. काळा चकचकीत पट्टा राहिला. गोरखनं ते पोतं दौलतच्या डोक्यावर पिळलं. पांढुरकं पाणी त्याच्या डोळ्यांतनं, मिशीवरनं उतरलं.

"घे," गोरख म्हणाला. "पी तुझं तळं."

माणसं हसली. ज्यांच्याकडं बघून मी रोज 'राम राम काकी, राम राम मामा' म्हणायची, ती हसली. दौलतनं तोंड पुसलं, टोपी उचलली, झटकली, घातली आणि शिंगं रंगवायला निघून गेला. मला वाटलं, बरं झालं बाई. एका थोबाडीत मिटलं.

मार्चचं ऊन. भिंत दक्षिणेच्या अंगाला. शेजारी मिरच्या विकणारी कासाबाई होती, तिला अक्षर येत नव्हतं. तीच म्हणाली, "द्वारके, भित बग की. पांढरी व्हायली."

मी मागं वळून बघितलं. काळ्या पट्ट्यातनं ओळ वर येत होती. आधी 'महाड'. मग 'तळ्यावर'. मग सगळी. अंगावर पित्त उठतं तशी. 

यात जादू नाही. खडू साखरेच्या पाण्यात भिजवून वाळवला की अक्षर गिलाव्यात चिकटून बसतं. कोरड्या फडक्याला दाद देत नाही. ओल्यानं पुसलं की फळा ओला असेस्तोवर काही दिसत नाही, वाळला की सगळं परत हजर. बाजारात माणसं भिंतीला टेकतात, पाठीनं अक्षरं पुसून नेतात, म्हणून सणावाराला दौलत असाच खडू वापरायचा. साखर बापूच्या हॉटेलातनं आणायचा. हे मला माहीत, बापूला माहीत. वस्तादाला आणि गोरखला कुठनं माहीत असणार? त्यांना फळा वाचायचा ठाऊक, लिहायचा नाही.

मी पदर खोचला आणि बैलबाजाराकडं पळाले. दौलत एका खिल्लाऱ्याचं शिंग धरून बसला होता.

"दौल्या, ऊठ. पळ. आली ती परत."

"काय आलं?"

"ओळ! साखर घातलीस ना रे भाड्या?"

त्यानं कुंचला खाली ठेवला नाही. खळी पडली त्याच्या गालाला. "आली व्हय?" म्हणाला. "मंग ऱ्हाऊ दे की."

"मारतीन तुला! जा, सांग वस्तादाला साखर हाय म्हनून..."

एवढंच झालं बोलणं. गोरख आणि तालमीतले तिघंचौघं आले. विचारपूस काही केली नाही. गोरखनं दौलतचं डोकं त्या खिल्लाऱ्याच्या शिंगावर आपटलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळल्या फांदीचा येतो तसा, बारका. बैल बुजला, दावं तोडून गाड्यांमधनं पळाला. तांबडा रंग सांडला. त्यात रक्त सांडलं. कुठलं काय, ओळखू येईना.

"आमच्या फळ्यावर परत लिहितो? आमचं लक्ष न्हाई बघून?"

दौलत पडला होता. ते लाथा घालत होते. बरगडीत, मांडीत, पाठीत. कुस्तीत असतो तसा नेम नव्हता. भात झोडल्यासारखं चाललं होतं. मी मधे पडले, तर एकानं केसाला धरून मला बाजूला भिरकावलं. माझा खालचा दात तिथंच गेला. मी ओरडत होते, "साखर हाय, साखर हाय!" त्या गोंधळात ते कोणाला ऐकू गेलं असेल तर त्याला वाटलं असेल, बाई येडी झाली.

दौलतला बखोटीला धरून त्यांनी चौकात आणलं, फळ्यापुढं टाकलं. गोरखनं घागरीनं पाणी आणून भिंतीवर ओतलं. चार घागरी, पाच घागरी. पोत्यानं घासलं. न्यूटन, नेपोलियन, सगळं धुऊन काढलं. वर गेरूचं 'दिनविशेष' तेवढं राहिलं. मग तालमीच्या पायरीवर सगळे राखण करत बसले. बघू आता कोण लिहितो.

बाजार चालू होता, पण त्यात जीव नव्हता. बाया भाव करत होत्या आणि डोळे भिंतीकडं होते. रस्त्याच्या पलीकडं, हापशाच्या मागं, भीमनगरातली माणसं जमली होती. आमचेच. माझा चुलता होता, माझ्या नवऱ्याचे भाऊ होते. कोणी रस्ता ओलांडत नव्हतं. त्यांना नावं ठेवायची असतील तर आपलं छप्पर एकदा जळून बघा, मग ठेवा.

दौलत भिंतीला टेकून बसला होता. नाक सुजून डोळे मिटत आले होते. मी पदर भिजवून रक्त पुसत होते.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "कुठवर वाळली?"

"गप."

"सांग ना. मला दिसंना."

मी वर बघितलं. ऊन खाली उतरत होतं तसा ओलावा आटत होता. आणि येत होती. या वेळी फिकी, घासून घासून आजारी पडलेली, पण वाचता येईल अशी. पुसलेल्या तिन्हीतली एकटी तीच. वरच्या दोन ओळी साध्या खडूच्या होत्या, त्या कायमच्या गेल्या.

तेवढ्यात गर्दीत कोणीतरी हसलं.

कोण ते आजवर कळलं नाही. बाई असेल, पोर असेल, परगावचा कोणी असेल. फिस्सकन एकदाच. पण तालमीचे पाच पैलवान राखणीला बसलेत आणि त्यांच्या डोक्यावर अक्षरं उगवतायत, हे सगळ्या बाजाराला एकाच वेळी दिसलं. गोरखनं मान वळवून भिंत बघितली आणि त्याचं तोंड उतरलं. मारणाऱ्याला मार खाणाऱ्याचा राग येत नाही एवढा. हसणाऱ्याचा येतो.

तो आत गेला आणि मुद्गल घेऊन आला. बाभळीचा, तेल पिऊन काळा झालेला, दोन्ही हातांनी उचलायचा. मागनं वस्ताद आले.

"धरा त्याला," गोरख म्हणाला. "लिहायचा हात कुठला? उजवा ना? ठेवा पायरीवर."

दोघांनी दौलतला पालथा पाडून त्याचा उजवा हात तालमीच्या दगडी पायरीवर ताणून धरला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भावाचा हात त्या उंबऱ्याला लागला.

मी वस्तादाच्या पायावर पडले. लाज कसली त्यात. "वस्ताद, साखर हाय ती! खडू साखरेच्या पान्यात भिजवलाय. पुसली की दिसत न्हाई, वाळली की दिसती. त्यानं एकदाच लिव्हलंय, परत हात लावला न्हाई! बापूला इचारा. कालच साखर नेली त्याच्याकडनं!"

वस्तादानं हात वर केला. गोरख थांबला.

"बापू!"

हॉटेलवाला बापू फडक्याला हात पुसत आला. मान खाली.

"यानं साखर नेली होती काल?"

बापूनं आधी मुद्गलाकडं बघितलं, मग दौलतकडं. "वस्ताद, हॉटेल हाय. कोनी ना कोनी नेतंच की. मी कुठं ध्यानात ठेवू?" आणि मागं मागं सरकत गर्दीत शिरला.

वस्ताद फळ्याजवळ गेले. बोटाला थुंकी लावून 'महाड'वर फिरवली. अक्षर दिसेनासं झालं. त्यांनी फुंकर घातली. थांबले. अक्षर परत आलं. त्यांना कळलं. त्यांच्या तोंडावर कळलेलं मी बघितलं. दुसरा कोणी असता तर सुटका झाली असती. पण वस्ताद हुशार माणूस. ते वळले आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.

"अरे, साखर! ऐकलं का? तळ्याला साखर लावलीय लेकानं!" लोकांकडं बघून म्हणाले. "गोडाचं तळं! मुंग्या लागतील रे, दौलत!"

इकडनं तिकडनं खुसखुस सुरू झाली. सकाळपासून कोंडलेली माणसं. त्यांना हसायला निमित्त पाहिजे होतं.

वस्ताद दौलतच्या तोंडाशी उकिडवे बसले. आवाज परत मऊ. "हे बघ पोरा. तुझी हिंमत नाही तीनदा लिहायची, मला माहीत आहे. चूक झाली. साखरेनं घोटाळा केला. एवढं लोकांपुढं म्हण. मी पण हसतो, गाव पण हसेल. हात सलामत, उद्यापासून लिहायला ये. पेपरातलं."

दौलतनं मान उचलायचा प्रयत्न केला. तोंडात रक्त भरलेलं. थुंकला.

"कसली साखर, वस्ताद?"

"काय?"

"तीनदा लिव्हलं मी. तुमच्या नाकापुढं. तुमाला दिसलं न्हाई, त मी काय करू?"

खुसखुस थांबली.  "खोटं बोलतोय!" मी किंचाळले. "वस्ताद, त्याचं डोकं फुटलंय, त्याला कळंना काय बोलतोय!"

"असं?" वस्ताद उठले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला आजही वाटतं, त्यांना खरंच मिटवायचं होतं. हात मोडण्यात त्यांना काही मिळणार नव्हतं. हसण्यात सगळं मिळणार होतं. "द्वारके, तू थोरली बहीण. आईच्या जागी. तूच सांग सगळ्यांपुढं. साखर, का हा परत लिहीत होता? तुझा शब्द मी मानतो. साखर म्हणालीस तर सोडला."

सगळा बाजार माझ्याकडं बघायला लागला.

मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता, नुसता बाहेर सोडायचा. खरा होता शब्द, खोटं बोलायचं पण काम नव्हतं. तेवढ्यात दौलतनं पायरीवर गाल टेकवून माझ्याकडं बघितलं. एकच डोळा उघडा होता. लहानपणी मार खाताना माझ्याकडं बघायचा, 'आक्का सोडव' म्हणून, तसं त्या डोळ्यात काही नव्हतं. विनवणी होती. हातासाठी नव्हती.

मी त्याच्यावरनं नजर काढून लोकांकडं बघितलं. हसायला तयार होऊन बसलेली तोंडं. ओठ आधीच फाकलेले. एक शब्द मी बोलले की ती फुटणार होती. मग दरसाल या दिवशी हसणार होती. गोडाचं तळं. मुंग्या. साखरेचा घोटाळा. पलीकडं हापशामागं आमची माणसं उभी होती, तीही खाली मान घालून जाणार होती. महाडला कोणी गेलंच नव्हतं, पाणी कोणी प्यालंच नव्हतं, सगळा साखरेचा घोटाळा.

"बोल, द्वारके."

"मी खोटं बोलले," मी म्हणाले. "भावाची माया आली म्हनून बोलले. साखर न्हाई. तीनदा लिव्हलं त्यानं. तुमी पुसलं, त्यानं लिव्हलं. तुमी पुसलं, त्यानं लिव्हलं. पुसा आता परत."

वस्तादाचा चेहरा बंद झाला. दार लावल्यासारखा. ते वळून तालमीत गेले. गोरखला त्यांनी काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मुद्गल दोनदा पडला. पहिल्यांदा बोटांवर, दुसऱ्यांदा मनगटावर. पहिल्याला दौलत ओरडला. दुसऱ्याला ओरडला नाही, त्याची शुद्ध गेली होती. पायरीवर राहिलं त्याला हात म्हणवत नव्हतं. मी गोरखच्या पाठीवर चढले आणि त्याच्या कानाला चावले. सोडला नाही. तिघांनी मला ओढलं तेव्हा मी एकटी निघाले नाही, कानाचा तुकडा माझ्या तोंडात आला. त्यासाठी मी पुढं सहा महिने आत काढले. त्या हातासाठी कोणी एक दिवस काढला नाही. ठाण्यात लिहिलं गेलं की बाजारात बुजलेल्या बैलानं तुडवलं. बैल बुजला होता, हे खोटं नाही.

दौलतनं परत कुंचला धरला नाही. बोटं एकमेकांत जुळून गेली, जेवायलासुद्धा डावा हात. मुकादमाकडं पाणी मारायला जायचा, विटांवर. फळ्यावर पुढं सिमेंटच्या कंपनीची जाहिरात रंगवली कोणीतरी. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी माझ्या चुलत्यानं गाडी जुंपली. हात मोडल्यावर रस्ता ओलांडला त्यानं. उशिरा का होईना, ओलांडला. तालुक्याचा रस्ता खडीचा. एकेका धक्क्याला दौलत शुद्धीवर यायचा आणि मला शिव्या द्यायचा. ऐकवणार नाहीत अशा.

"रांडे, सांगायचं होतं ना साखर! तुझं काय जात होतं? माझा हात गेला... तूच मोडलास. तू!"

मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या तोंडात अजून गोरखच्या कानाची खारट चव होती. चुलता बैलांना हाकत पुटपुटत होता, "आई ग, आई ग," जसं काही त्याचंच मोडलं होतं.

"खरं बोलली असतीस तर मेली असतीस का?"

"न्हाई."

"मग?"

"तू का न्हाई बोललास?"

तो रडला. लहान पोरासारखा, हुंदके देऊन. मी रडू दिलं.

सरकारी दवाखान्यात दिवे लागले होते. डॉक्टर तरुण होता, शहरातनं नवा आलेला. त्यानं हातावरचं फडकं सोडलं. आम्हाला येताना गावच्या पोलीस पाटलाचा एक माणूस सायकलवरनं गाठून सांगून गेला होता, बैलाचंच सांगा, पुढं त्रास नको. चुलता तेच सांगायला पुढं झाला. "बैलानं, साहेब..."

"तुम्हाला नाही, पेशंटला विचारतोय," डॉक्टर म्हणाला. "काय रे, कसं झालं हे?"

दौलतनं माझ्याकडं बघितलं. मी काही केलं नाही. मान हलवली नाही, डोळा हलवला नाही. माझं बोलून झालं होतं. आता त्याचं होतं.

"लिहिताना," दौलत म्हणाला.

डॉक्टरला वाटलं, तापात बरळतोय. खाली वाकून परत विचारलं, "अरे, लिहिताना कधी हात मोडतो का?"

"आमच्या गावात मोडतो," दौलत म्हणाला.